पत्रपेटीचें कुलूप

गेल्या भाद्रपदांत माझ्या पत्रपेटीचें कुलूप मला फोडून घ्यावें लागलें. ‘फोडून’ हा शब्द त्या कृत्याला जरा भारीच होतो. वाशीच्या बाजाराबाहेर एका झाडाखालीं किल्ल्यांचे जुडगे टांगून बसणारा एक किल्लीवाला मीं बोलावून आणला. त्यानें पेटीकडे एकवार पाहिलें, पिशवींतून एक वांकडी तार काढली, आणि मी चष्मा पुसून पुन्हां डोळ्यांवर चढवितों न चढवितों तोंच पेटीचें दार उघडलें. पेटी माझीच आहे किंवा नाहीं, हें त्यानें मला विचारलें नाहीं. मजुरी मात्र तार काढण्यापूर्वींच ठरवून घेतली होती.

ज्या इमारतींत मी राहतों ती सिडकोनें बांधलेल्या असंख्य इमारतींपैकीं एक. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडील भातखाचरें व मिठागरें यांच्या जागीं, जुन्या गांवांच्या अवतीभोंवतीं, एक नवें शहर आंखलें जाऊं लागलें. आंखलेल्या शहराचें एक लक्षण असें कीं, त्यांत माणसाचा पत्ता बहुतेक आंकड्यांचाच असतो: सेक्टर, भूखंड, इमारत, सदनिका, आणि शेवटीं पिन कोड. (ही पिन कोडाची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतांत काव्यनाटकें लिहिणारे पंडित होते, ही गोष्ट मला नेहमींच मौजेची वाटते. शब्दांच्या त्या उपासकानेंच साऱ्या देशाला सहा अंकांत बसविलें!) आमच्या इमारतीला तळमजल्यासह पांच मजले, प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडें, आणि जिन्याच्या तोंडाशीं भिंतीवर वीस लोखंडी पेट्यांची एक चवड. माझा क्रमांक ११.

या पेट्यांचीं कुलुपें टांगावयाचीं नसतात. दारांतच बसविलेलीं असतात. बोटाच्या पेराएवढी एक नळी, तिच्यांत किल्लीच्या दांत्यांप्रमाणें वरखालीं सरकणाऱ्या चार-पांच पातळ पट्ट्या, आणि पाठीमागें एक लोखंडी जीभ. योग्य किल्ली आंत गेली कीं पट्ट्या नळीच्या अंगाबरोबर येतात, नळी फिरते, आणि जीभ चौकटीवरून बाजूला होते. एवढेंच यंत्र. खाडीवरून येणारी खारट हवा आणि आपल्याकडील चार महिन्यांचा पाऊस यांना असलें यंत्र गिळून टाकण्यास कांहीं फार वर्षें लागत नाहींत. माझें कुलूप दोन पावसाळे कुरकुरत होतें. त्यांत मीं खोबरेल तेल सोडलें आणि तीच चूक झाली. तेलानें तें चार दिवस सैल झालें; मग त्या तेलावर धूळ बसून आंत चिकट लगदा तयार झाला. अशा कुलपाला तेल नव्हे, तर शिसपेन्सिलीचा बारीक चुरा मानवतो, हें मला पुढें किल्लीवाल्यानें सांगितलें. शेवटीं एके दिवशीं किल्ली आंतच मोडली व तिचें अर्धें अंग माझ्या हातांत राहिलें.

त्यावर मीं कांहींहि केलें नाहीं. हें न करणें एक आठवडा किंवा एक महिना नव्हे, तर चांगले चौदा महिने चाललें. माझ्या आळसाला मीं एक तात्त्विक बैठकहि दिली होती. हल्लीं पत्रें लिहितो कोण? विजेचें बिल फोनवर येतें, बँकेचा हिशेब फोनवर येतो, लग्नाचें आमंत्रणसुद्धां फोनवर येतें. महत्त्वाचा कागद असला तर टपालवाला जिना चढून वर येतो आणि सही घेऊन देतो; त्याला पूर्वीं रजिस्टर म्हणत, १ सप्टेंबर २०२५ पासून तें स्पीड पोस्टांत विलीन झालें, एवढाच फरक. मग पेटींत पडणार काय, तर शिकवणीच्या वर्गांच्या आणि झुरळें मारण्याच्या जाहिराती. अशा मालाची चोरी झाली तर चोराचे उपकारच मानावेत, असा विनोद मीं त्या काळांत एकदोघांना ऐकविल्याचें मला स्मरतें. मध्यंतरीं आमच्या संस्थेच्या सभेंत, पेट्यांचीं दारें संस्थेनें दुरुस्त करावयाचीं कीं ज्याच्या त्यानें, हा प्रश्न निघाला. पाऊण तास कडाक्याची चर्चा होऊन तो पुढील सभेवर ढकलण्यांत आला, आणि मला तें सोयीचेंच वाटलें. इकडे पेटीच्या वरच्या फटींतून कागद आंत पडत होते. आंत येण्याची वाट उघडी होती. बाहेर येण्याची तेवढी बंद.

किल्लीवाल्यानें दार उघडलें तेव्हां जाहिरातींचा एक ढीग माझ्या पायांवर कोसळला. त्यांत एका मासिकाचे दोन अंक होते, एका बँकेचें गतवर्षाचें कॅलेंडर होतें, आणि अगदीं तळाशीं, ओल लागून कडेला पिवळें पडलेलें, निळ्या रंगाचें एक अंतर्देशीय पत्र होतें. अडीच रुपयांचें हें पत्र पाहण्याचीहि आतां डोळ्यांना संवय राहिलेली नाहीं. त्यावरील नांव माझें नव्हतें. तें आमच्याच जिन्यावर, अगदीं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचें होतें. त्यांच्या सदनिकेचा क्रमांक १९. पाठविणाऱ्या बाईंनीं राजापूर तालुक्यांतील आपल्या गांवाहून, कांपऱ्या हातानें, देवनागरी आंकड्यांत पत्ता लिहिला होता. आणि त्यांच्या नवाच्या अंकाचें डोकें इतकें बारीक उतरलें होतें कीं तो एकाचा अंक म्हणून कोणीहि वाचावा. नव्या टपालवाल्यानें तसा वाचला, यांत त्याचा काय दोष? टपालाचा शिक्का गेल्या वर्षींच्या श्रावणांतला होता.

मी चार जिने चढून ते पत्र देऊन आलों. खरें सांगावयाचें तर जातांना माझ्या मनांत अपराधाची भावना फारशी नव्हती. हरवलेली वस्तु सांपडल्याचा आनंद मी घेऊन चाललों होतों. आजोबांनीं पत्र हातांत घेतलें, अक्षर ओळखलें, आणि तें न फोडतांच बराच वेळ ते तसेच बसून राहिले. सून पाणी घेऊन आली. मग त्यांनीं तें फोडून वाचलें. आंतला मजकूर त्यांनीं मला सांगितला नाहीं व मीं विचारला नाहीं. दोन गोष्टी तेवढ्या त्यांच्या बोलण्यांतून कळल्या. पत्र त्यांच्या वडील बहिणीचें होतें. बाईंना ऐकूं येत नाहीं. फोन असतो तो पुतण्याच्या हातीं, आणि पुतण्याशीं घराच्या वाटणीवरून बोलणें बंद झालेलें. म्हणून त्या लिहितात. गेल्या वर्षीं त्यांनीं भावाला गणपतीला ये म्हणून लिहिलें होतें. भाऊ आला नाहीं, उत्तरहि आलें नाहीं; तेव्हां तो रागावला असें त्यांनीं धरलें व लिहिणें सोडलें. बहिणीचें पत्र येत नाहीं, तेव्हां तीहि पुतण्याच्या बाजूला गेली, असें यांनीं धरलें. मीं पत्र नेऊन दिलें त्या दिवशीं यंदाचेहि गणपति जाऊन आठ दिवस झाले होते.

मी कांहींतरी क्षमेचे शब्द बोललों असेन. आजोबा म्हणाले, “सर, कुलूप तुमचें होतें. पत्र माझें होतें.” त्यांच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर मला जिना उतरणें सोपें गेलें असतें.

कुलूप हें चोरासाठीं नसून सज्जनासाठीं असतें, असें आपल्याकडे नेहमीं म्हणतात, आणि मी स्वतः हें मत पुष्कळ वर्षें बाळगून होतों. त्याला इतिहासाचाहि आधार आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप ठेवलेलें होतें व तें उघडणाऱ्यास दोनशें गिनी देण्याचें आव्हान त्यावर होतें. साठ वर्षें तें कोणाला उघडतां आलें नाहीं. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वर्षीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कुलूपकारानें सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खर्चून तें उघडलें, आणि इंग्लंडांत मोठी खळबळ उडाली. जगांतील अत्यंत भक्कम मानलेलें कुलूप जर एक्कावन्न तासांचा अवकाश विकत देत असेल, तर माझ्या पत्रपेटीचें कुलूप अर्ध्या मिनिटाचा देतें. एवढ्यासाठीं कोणी पैसे मोडीत नाहीं. तेव्हां कुलूप ही वस्तु असण्यापेक्षां अधिक करून एक विधान आहे: येथपर्यंत तुझें, येथून पुढें माझें. अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईंत लालबागेला कुलपें करण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं ते वकील होते, आणि जें आपणांस खरें वाटत नाहीं तें न्यायासनापुढें बोलावयाचें नाहीं या हट्टापायीं त्यांनीं तो धंदा सोडला, असें सांगतात. खऱ्याखोट्याचा एवढा विधिनिषेध बाळगणारा मनुष्य कुलपांकडे वळला, यांत मला तरी कांहीं विसंगति दिसत नाहीं.

हें सर्व मी वर्गांतहि सांगत आलों आहें. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ मध्यें ग्लॉकन हा गायजीस नांवाच्या मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला एक अंगठी सांपडते. तिचा खडा आंत वळविला कीं तो कोणास दिसेनासा होतो, आणि अदृश्य होतांच त्याचें सारें सौजन्यहि अदृश्य होतें. ही गोष्ट सांगून झाल्यावर मी मुलांना विचारीत असें: जिन्याखालीं शेजाऱ्याच्या पेटीचें कुलूप तुटलेलें आहे, आंत पाकीट दिसतें आहे, आणि भोंवतीं कोणी नाहीं, तुम्ही काय कराल? मुलें हंसत, वाद घालीत, आणि तास रंगे. एकदांहि माझ्या लक्षांत आलें नाहीं कीं या सबंध उदाहरणांत मीं पाप आणि पुण्य हीं दोन्हीं परक्या पेटीकडे जाणाऱ्या हाताच्या ठिकाणींच कल्पिलीं आहेत. आपल्याच पेटीकडे न जाणारा हात माझ्या हिशेबांत कोठेंच नव्हता.

मीं कोणाचें पत्र चोरलें नाहीं, फोडलें नाहीं, वाचलें नाहीं. चोराकडून होण्यासारखें जें नुकसान, तें मात्र तंतोतंत झालें. उलट एखाद्या भुरट्या चोरानें त्या पेटीला हात घातला असता, तर निरुपयोगी म्हणून तें निळें पत्र त्यानें जिन्यांतच फेंकलें असतें व सकाळीं झाडूवालीनें तें नांव विचारून वर पोंचविलें असतें. माझ्या मोडक्या कुलपानें चोर बाहेर ठेवला, झाडूवाली बाहेर ठेवली, आणि मलाहि बाहेर ठेवलें.

यावर मीं स्वतःशीं केलेला पहिला बचाव असा होता कीं, मला ठाऊकच नव्हतें. जें ठाऊक नाहीं त्याचा दोष कसा लागणार? परंतु या बचावाचें उत्तर ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. अज्ञान दोन प्रकारचें, असें त्याच्या म्हणण्याचें तात्पर्य आहे. एक मनुष्यावर येऊन पडतें. दुसरें तो आपल्या हयगयीनें ओढवून घेतो, आणि या दुसऱ्याबद्दल कायदेकर्ते त्याला शिक्षा करितात, कारण काळजी घेणें त्याच्या हातांत होतें. टपालवाल्याचें अज्ञान पहिल्या जातीचें. बाईंच्या हाताचा कंप तर अज्ञानहि नव्हे. तिघांपैकीं ज्याला किल्लीवाल्याकडे जाण्यास दहा मिनिटें आणि थोडे रुपये पुरले असते असा मी एकटाच.

दुसरा बचाव अधिक सूक्ष्म आहे व तो मला अद्याप सर्वस्वीं खोडतां येत नाहीं. माझी पेटी ही माझी वस्तु. ती मीं उघडावी वा न उघडावी, पत्रें वाचावीं वा न वाचावीं, हा माझ्या स्वातंत्र्याचा भाग. कोणी न मागतां माझ्या दारांतल्या फटींतून कागद आंत टाकतो, तेवढ्यानें मी त्याचा बांधील कसा होतों? मनुष्याला न ऐकण्याचा, न वाचण्याचा, दार लावून बसण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि दिवसरात्र ज्याच्या खिशांत फोन किणकिणतो अशा आजच्या मनुष्याला तर तो अधिकच असला पाहिजे. हें मी मान्य करितों. पण मग पेटी भिंतीवरून काढून टाकावयास हवी होती. तिच्यावर क्रमांक कायम ठेवून आणि फट उघडी ठेवून मीं जगाला सांगत होतों कीं येथें टाकलेलें मला पोंचतें. १८९८ च्या टपालाच्या कायद्यांत तर, पत्र ज्याचें त्याच्या घरीं किंवा कचेरींत दिलें गेलें म्हणजे तें त्याला पोंचलें असें समजावें, असें स्पष्टच लिहिलेलें होतें. तो कायदा आतां गेला, आणि २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून अंमलांत आला. परंतु पत्र पेटींत पडलें कीं टपालवाला सुटतो आणि पुढचें ओझें दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर येतें, ही समजूत कायद्याहून जुनी आहे. माझी फट उघडी होती, म्हणून टपालवाला सुटला. आंतलें ओझें मीं उचललें नाहीं. तें चौदा महिने कोणाच्याच खांद्यावर नव्हतें.

या प्रसंगानंतर एका मित्रानें मला म्हटलें कीं, हीं कुलुपेंच मुळांत वाईट. आपल्या लहानपणीं कोठें होतीं? गिरगांवच्या चाळींत टपालवाला जिन्याखालीं उभा राहून नांवें पुकारी, खेड्यांत तर तो पत्र वाचूनहि दाखवी, आणि कोणाचें पत्र कधीं गहाळ होत नसे, कारण तें दहाजणांच्या डोळ्यांखालून जाई. हें म्हणणें गोड आहे आणि अर्धें खरेंहि आहे. त्या जिन्याखालीं नवाचा एक झाला असता तरी कांहीं बिघडलें नसतें, नांव ऐकून कोणीतरी “वरचे, वरचे!” म्हणून ओरडला असता. पण ज्या दहा डोळ्यांनीं पत्र सांभाळलें, त्याच डोळ्यांनीं तें वाचलेंहि. माहेराहून आलेलें पत्र सासुरवाशिणीच्या हातीं पडण्यापूर्वीं घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या हातांतून जाई. तिला तें फोडलेलें मिळे, कधीं मिळतहि नसे. उत्तरांत काय लिहावयाचें हेंहि पुष्कळदां तिला सांगितलें जाई. १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड आपल्या देशांत आलें. तें स्वस्त होतें ही मोठी सोय, परंतु त्यावर कोणतीहि मुलगी आपलें दुःख लिहूं शकत नव्हती. ज्यांनीं ते दिवस भोगले त्या स्त्रियांपुढें मी मोडक्या कुलपाची ही कहाणी सांगून सामुदायिक जिन्याचे गोडवे गाईन तर त्या मला हंसतील, आणि त्यांचें हंसणें रास्त होईल. लोखंडाची एक लहानशी पेटी, जिची किल्ली आपल्याच कनवटीला आहे, ही चीज मिळण्यासाठीं आपल्या समाजाला पुष्कळ वाट पाहावी लागली. म्हणूनच ती माझ्यासारख्यानें गंजूं द्यावी, हें मला अधिक लागतें.

नवें कुलूप बसविणें मात्र अगदींच सोपें निघालें. जुन्या कुलपाच्या पाठीमागचा नट सोडविला कीं जीभ सुटते आणि नळी पुढून ओढून काढतां येते. दुकानदाराकडे जातांना जुनें कुलूप बरोबर न्यावें, हा किल्लीवाल्याचा सल्ला मोलाचा ठरला. कारण भोंकाचा व्यास, पत्र्याची जाडी, जिभेची लांबी आणि किल्ली डावीकडे फिरते कीं उजवीकडे, या चार गोष्टींपैकीं एक जरी चुकली तरी कुलूप बसत नाहीं, किंवा बसतें पण लागत नाहीं. मीं पहिल्यांदां आणलें त्याची जीभ एका बोटानें आंखूड होती. दुसरें बरोबर बसलें. भोंकांतून पावसाचें पाणी शिरूं नये म्हणून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा झांपडासारखा डकविला आहे. तो दिसावयास ओंगळ आहे. संस्थेच्या पुढील सभेंत त्यावर चर्चा व्हावयाची आहे.

नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या मिळतात. एक माझ्या जुडग्यांत गेली. दुसरी कोणाला द्यावी याचा मीं दोन दिवस विचार केला आणि ती घेऊन वरच्या मजल्यावर गेलों. त्यांच्या बहिणीचा हात कांपतो. पुन्हां नवाचा एक झाला, आणि मी परगांवीं असलों, तर? आजोबांनीं किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि मला परत केली. “तुमची पेटी तुम्हीच उघडा,” ते म्हणाले. “माझे गुडघे रोज खालीं उतरत नाहींत.” मग त्यांनीं कपाटांतून दहा कोरीं अंतर्देशीय पत्रें काढून माझ्यापुढें ठेवलीं व त्यांवर त्यांचा पत्ता माझ्या अक्षरांत लिहून मागितला. सदनिकेचा क्रमांक आंकड्यांत न लिहितां अक्षरांत लिहा, म्हणाले. मीं दहाहि पत्रांवर ‘एकोणीस’ असें ठळक लिहिलें. तीं एका जाड पाकिटांत घालून त्यांनीं राजापुराकडे धाडलीं. बरोबर त्यांचें स्वतःचें एक पत्र होतें, तें त्यांनीं माझ्यासमोरच डकवून बंद केलें.

त्याला आतां सात आठवडे झाले. दहांपैकीं एकहि पत्र अद्याप परत आलेलें नाहीं. आलें तर तें त्यांच्याच पेटींत पडेल, हें मला पक्कें ठाऊक आहे. महाविद्यालयांतून परत आलों कीं मी जिना चढण्याआधीं माझी पेटी उघडतों, जाहिराती बाजूला सारून तळाशीं हात फिरवितों, आणि पुन्हां कुलूप लावतों.